रात्री मुंबई लागायची

इंदूरच्या राजेंद्र नगरमधल्या आमच्या घरी वडिलांची एक वही आहे. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची. तिच्यात तारीख, वेळ आणि केंद्राचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात एक-दोन शब्द: 'स्वच्छ', 'खरखर', 'बुडालं', 'दुसरं केंद्र चढलं'. रात्रीची जेवणं झाली की वडील रेडिओचा काटा केसाकेसानं सरकवत मुंबई शोधायचे. आकाशवाणीचं मुंबई 'ब' हे मराठी केंद्र लागलं की हात वर करून आम्हा भावंडांना गप्प करायचे. आवाज चढायचा, ओसरायचा. एखाद्या नाट्यपदाची तान अर्ध्यात बुडायची आणि समेच्या जरा आधी पुन्हा वर यायची. मधलं आम्ही मनानं भरून घ्यायचो.

दिवसा मुंबई लागत नसे. त्याचं कारण मला पुढे कॉलेजात कळलं. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून जातात आणि काही अंतरावर विझतात. ज्या वर आकाशात जातात, त्यांना आयनांबराचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, सर्वांत खालचा थर गिळून टाकतो. सूर्य मावळल्यावर हा थर विरतो, मग त्याच लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणजे इंदूरच्या एका मराठी घरात मुंबईचं मराठी ऐकू येणार की नाही, हे सूर्य ठरवत होता. दिवसा आम्ही माळव्याचे असायचो आणि रात्री महाराष्ट्राचे.

दिवस मालवा हाउसचा, म्हणजे इथल्या आकाशवाणीचा. आकाशवाणीचं इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झालं. तेव्हा मध्यप्रदेश जन्माला यायचा होता. आम्ही मध्य भारतात होतो, ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी आणि इंदूर उन्हाळ्याची. केंद्राचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक पुढे २०० किलोवॉटचा झाला आणि माळवा-निमाडच्या खेड्यापाड्यांत 'यह आकाशवाणी इंदौर है' हे शब्द घरातल्या माणसाच्या हाकेइतके ओळखीचे झाले. संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात नंदाजी आणि भेराजी यायचे. दोघं माळवीत गप्पा मारायचे. गव्हाला पाणी कधी द्यायचं, कोणती कीड पडली आहे, मंडीत काय चाललं आहे, हे सगळं ओट्यावर बसून बोलल्यासारखं. आमच्या घरी एक बिघाही जमीन नव्हती, तरी आजी ते न चुकता ऐकायची. पेशव्यांच्या काळात माळव्यात आलेल्या घराण्यातली ती सून. माळवी तिला नंदाजी-भेराजींनी शिकवली. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी ती ज्या माळवीत भांडायची, ती रेडिओवरून आलेली होती.

आज माझ्या फोनवर मुंबई चोवीस तास लागते. सूर्याची परवानगी लागत नाही. पुण्यातलं भाषण, नागपूरची बातमी, कोल्हापूरची खानावळ, रत्नागिरीचं कीर्तन, सगळं स्वच्छ. वडिलांच्या वहीतला 'खरखर' हा शब्द आता कुठेच लिहावा लागला नसता. या सुखाला मी कमी लेखत नाही. पण या दहा-बारा वर्षांत एक गोष्ट हातातून निसटते आहे आणि तिच्याबद्दल आपण, विशेषतः महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं, पुरेसं बोलत नाही. आपल्याला सगळं ऐकू येतं, फक्त आपण राहतो ते शहर आपल्याशी बोलेनासं झालं आहे. ते बोलतं ठेवणं हे सार्वजनिक काम आहे, त्यासाठी पैसा आणि माणसं लागतात, आणि 'आता फोनवर सगळं मिळतं' या एका वाक्यावर ते काम गुंडाळू देता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.

तंत्राचा एक साधा भाग आधी पाहू, कारण वादाचं मूळ तिथे आहे. रेडिओच्या प्रक्षेपण-मनोऱ्यावरून बोललेलं वाक्य एकानं ऐकलं काय आणि दहा लाखांनी ऐकलं काय, वीज तेवढीच जळते. श्रोता वाढला म्हणून खर्च वाढत नाही. इंटरनेटवरून तोच कार्यक्रम ऐकवायचा तर प्रत्येक श्रोत्यापर्यंत वेगळा धागा न्यावा लागतो, आणि त्या धाग्याचे पैसे कुणीतरी मोजतं: डेटा पॅक भरणारा श्रोता, किंवा त्या श्रोत्याचं लक्ष विकत घेणारा जाहिरातदार. मनोऱ्याला समोर कोण आहे ते दिसत नव्हतं. म्हणून निवेदकाला सगळेच समोर आहेत असं धरून बोलावं लागायचं, गिरणीतला, कॉलेजातला, निमाडातल्या कापसाच्या शेतातला. आताच्या यंत्रणेला एकेक माणूस दिसतो, त्याचं बोट कुठे थांबलं तेही दिसतं. त्यामुळे 'सगळे' अशी कुणाची कल्पनाच करण्याची तिला गरज उरलेली नाही.

आता कुणी म्हणेल, ज्याला जे हवं ते मिळतं, यात वाईट काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि त्याचं उत्तर शोधायला आपल्याच इतिहासात एक मोठा धडा आहे. तोही एका मराठी माणसानं दिलेला.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात देशाचे माहिती व प्रसारण मंत्री होते. शास्त्रीय संगीताचं त्यांना अतोनात प्रेम. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, त्यानंतर रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली, आणि संस्थानं खालसा झाल्यावर पोरके झालेल्या कितीतरी गवयांना आणि वादकांना आकाशवाणीनं आसरा दिला. ज्या गावात उस्ताद अमीर खाँ वाढले आणि ज्याच्या शेजारी देवासला कुमार गंधर्व येऊन राहिले, त्या इंदूरच्या माणसानं तरी केसकरांचं हे ऋण विसरू नये. पण याच केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपट-संगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांना काय चांगलं ते आम्ही ठरवू, अशी ती भूमिका होती. लोकांनी काय केलं? काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी उभारलेला एक लघुलहरींचा प्रक्षेपक कोलंबोत होता, तो युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला होता. त्याच्यावरून हिंदी गाणी वाजू लागली आणि सगळा भारत तिकडे गेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला आपल्याच श्रोत्यांना परत बोलवावं लागलं.

या गोष्टीतून बहुतेकांनी काढलेला धडा असा की श्रोत्याला शिकवायला जाऊ नये, त्याला हवं ते द्यावं. मला तो धडा अर्धाच वाटतो. केसकरांची चूक मोठी होती, पण ती कुणाची चूक होती हे सगळ्या देशाला माहीत होतं. त्यांच्यावर वर्तमानपत्रांतून टीका होत होती, संसदेत प्रश्न विचारता येत होते, आणि अखेर धोरण बदललं. आज माझ्या फोनवर पुढची चित्रफीत कोणती यावी, हे ठरवणाऱ्याला मी कुठल्या सभागृहात प्रश्न विचारू? केसकरांनी मला काय चांगलं ते ठरवलं. अल्गोरिदम मी कशावर खिळून राहीन ते ठरवतो. मला कशाची गरज आहे हे दोघांनीही विचारलं नाही. एवढंच की पहिल्याचं नाव आणि पत्ता ठाऊक होता.

हे अमूर्त वाटू नये म्हणून माझ्या फोनचीच गोष्ट सांगतो. मी मराठीत शोधतो, मराठी ऐकतो. यंत्रणेनं माझी नोंद 'मराठी' अशी केली. मग मला मुंबईच्या लोकलचा खोळंबा दिसतो, पुण्याच्या धरणांतला पाणीसाठा दिसतो, महाराष्ट्रातल्या राजकारणाची चोवीस तासांची धुळवड दिसते. यातल्या एकाही ठिकाणी मी मतदान करत नाही. दुसरीकडे फोन कुठे आहे हे पाहून ती मला 'इंदूर' म्हणूनही ओळखते. तेव्हा सराफ्यातले गराडू, रंगपंचमीची गेर आणि पोहे-जिलेबी दिसते, सगळं हिंदीत, सगळं तीस सेकंदांत. मराठी आणि इंदूर ही दोन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात, तिथे मी राहतो. त्या जागेचं त्या यंत्रणेला काही कामच नाही. तिथे रामबाग आहे, लोकमान्य नगर आहे, मराठी शाळांतून शिकलेल्या शेवटच्या पिढीची माणसं आहेत, घरात मराठी बोलून दारात हिंदी बोलणारी मुलं आहेत, गिरण्या बंद पडल्यानंतरही अनंत चतुर्दशीला त्या गिरण्यांच्या नावानं रात्रभर निघणाऱ्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, आहेत. आम्ही जाहिरातीच्या दृष्टीनं फार थोडे आहोत. महाराष्ट्रातल्या वाहिनीसाठी आम्ही परराज्यातले, मध्यप्रदेशातल्या वाहिनीसाठी परभाषेतले.

दूरचित्रवाणीतही हेच झालं. दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ या मुदतीनं, इंदूरमध्ये केबलचं डिजिटलीकरण सक्तीचं झालं आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या. त्याआधी गल्लीतला केबलवाला आपल्या छोट्याशा वाहिनीवर झाँक्या दाखवायचा, कॉलनीतल्या गणपतीचे कार्यक्रम दाखवायचा, खाली पट्टीवर उद्या पाणी येणार नाही हेही सांगायचा. चित्र गढूळ असायचं, आवाज फाटायचा. पण मोहल्ल्यातलं पोर नाचताना दिसायचं आणि शेजारच्या काकू आईला हाक मारायच्या, लवकर लावा, आपला बंटी आला. २०१९ साली वाहिन्या निवडून पैसे भरण्याची पद्धत आली तेव्हा मराठी वाहिन्या इथल्या घरांनी वेगळ्या मागून घेतल्या. त्यांवर पुण्या-मुंबईच्या मालिका आल्या. बंटी कुठेच उरला नाही.

मला नव्या यंत्रांचं भय नाही. वडिलांची ती वही हीच मुळी नव्या यंत्राच्या वेडाची वही आहे. मला फक्त यंत्र कुणाच्या जागी बसवलं जातं आहे, ते पाहायचं असतं. २६ मे २०२४ रोजी डीडी किसान वाहिनीवर दोन कृत्रिम निवेदक आले, क्रिश आणि भूमी. कृत्रिम बुद्धिमत्तेनं घडवलेले, न थकता बोलणारे, ५० भाषा येणारे. हवामान आणि बाजारभाव देशभरच्या शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळणार असतील तर ते हवेच आहेत. मी मात्र ती बातमी वाचून बराच वेळ नंदाजी-भेराजींचा विचार करत राहिलो. त्यांना एकच बोली येत होती. त्यांच्या बोलण्यात ज्या गावाचा उल्लेख यायचा त्या गावचा माणूस दुसऱ्या दिवशी पत्र लिहायचा की तुम्ही सांगितलेली दवा आमच्याकडे मिळत नाही. त्या पत्राचं उत्तर पुढच्या आठवड्यात रेडिओवरून यायचं. चूक झाली तर ती त्यांची चूक असायची आणि ते ती माळवीतच कबूल करायचे.

पत्र येणं आणि उत्तर जाणं ही केवळ गोड आठवण नाही, ती पद्धत होती आणि तिचा अभ्यास झालेला आहे. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकरी एका संचाभोवती जमायचे, ऐकायचे, मग आपसांत चर्चा करायचे, काय करायचं ते ठरवायचे आणि शंका केंद्राला लिहून कळवायचे. केंद्र त्या शंका घेऊन पुन्हा बोलायचं. लोक यातून नुसतं शिकले नाहीत, गावाचे निर्णय घेऊ लागले, असं अभ्यासकांना आढळलं, आणि १९५९पासून ही कल्पना देशभर नेण्यात आली. 'परस्परसंवादी माध्यम' हा शब्द आपल्याकडे इंटरनेटबरोबर आला असं आपण समजतो. खरं तर त्या १५० खेड्यांतला संवाद आजच्या प्रतिक्रियांच्या ढिगापेक्षा जास्त खरा होता, कारण दुसऱ्या टोकाला ऐकणारा माणूस बसलेला होता.

असा आवाज नसला की काय होतं, ते इंदूरनं २०२०च्या एप्रिलमध्ये पाहिलं. शहर बंद होतं, रुग्ण वाढत होते, आणि प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर वेगळं शहर दिसत होतं. कुठे कुठलंसं इंजेक्शन देऊन मारतात, कुठे धरून नेलेली माणसं परत येत नाहीत. टाटपट्टी बाखलमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्यपथकावर दगडफेक झाली. त्या पथकात स्त्री डॉक्टर होत्या. त्या लवकरच पुन्हा कामावर गेल्या, हे इंदूर विसरणार नाही. मी त्या दगडांचं समर्थन करत नाही आणि सगळा दोष फोनवरही टाकत नाही. पण त्या आठवड्यात सगळ्या मोहल्ल्यांचा विश्वास असलेला, सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येणारा, इथलाच एक आवाज असता तर अफवेला एवढी मोकळी वाट मिळाली नसती, असं मला आजही वाटतं. त्याच दिवसांत राज्याच्या शिक्षणखात्यानं आकाशवाणीवरून 'रेडिओ स्कूल' सुरू केलं. ज्या घरांत एकच साधा फोन होता, त्या घरांतल्या मुलांसाठी शाळा मनोऱ्यावरून आली. अडचणीच्या वेळी आपण पुन्हा मनोऱ्याकडे वळलो ते उगीच नाही.

आणखी एक उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. २०२३च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर देशभर फोन एकदम कर्कश वाजले आणि पडद्यावर आपत्तीच्या सूचनेची चाचणी असल्याचा संदेश आला. ते तंत्र एकेकाला संदेश पाठवण्याचं नव्हतं. त्या-त्या मोबाइल मनोऱ्याच्या टापूत असलेल्या सगळ्या फोनना एकाच क्षणी सांगायचं, कुणाचा नंबर विचारायचा नाही. प्रसारण ते हेच. सर्वांत नव्या यंत्रालाही गंभीर प्रसंगी सर्वांत जुनी रीत वापरावी लागते.

कायद्यानं हे ओळखलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५मध्ये निकाल दिला की आवाज वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींची ही संपत्ती सार्वजनिक आहे. ती सरकारच्या एकाधिकारात नसावी आणि ज्याच्याकडे पैसा त्याच्याही मालकीची होऊ नये, तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा. त्याच दशकात आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही संस्था उभी राहिली. पुढे खासगी एफएम आलं. रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं केंद्र २००१च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या इंदुरातच सुरू झालं, आणि ते दिवस मला आठवतात. दुकानादुकानांतून एकच आवाज, इंदुरी हिंदीत बोलणारा, भिया म्हणून हाक मारणारा. शहराला आपला आवाज ऐकून किती आनंद झाला होता! मात्र खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुढे लावायला २०११च्या धोरणानं परवानगी दिली, एवढंच. म्हणजे ज्या आवाजाला अख्खं शहर ओळखतं, त्यानं शहराची बातमी सांगायची नाही. आणि ज्याला कुणी ओळखत नाही असा कुणीही फोनसमोर उभा राहून शहराबद्दल वाटेल ते सांगू शकतो. ही बंदी आता उठवली पाहिजे. जबाबदारी परवानाधारकावर राहील, तक्रारीला पत्ता असेल. अनोळखी चित्रफितीपेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे.

नव्या प्रसारण कायद्याचा मसुदा नोव्हेंबर २०२३मध्ये आला. पुढे त्याच्या सुधारित रूपावर गदारोळ झाला आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये तो मागे घेतला गेला. गदारोळ योग्यच होता, एकट्यानं चित्रफिती करणाऱ्या माणसाला वाहिनीच्या पंगतीत बसवून त्याच्यावर नियमांचा डोंगर टाकणं चूक आहे. पण त्या सगळ्या चर्चेत 'कोण काय बोलतो' यावरच भांडण झालं. कुणाला काय दाखवायचं हे कशाच्या आधारे ठरतं, हा प्रश्न बाजूलाच राहिला. बोलणाऱ्यावर अंकुश नको. निवडणाऱ्यानं निवडीचे नियम उघड करावेत, आणि प्रेक्षकाला आपल्या शहराचं, आपल्या भाषेचं मागता यावं, अशी तरतूद हवी. पुढचा मसुदा येईल तेव्हा बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांनी यावर लिहून पाठवलं पाहिजे. आपली मंडळं गणेशोत्सव आणि नाटकं फार निगुतीनं करतात. हेही त्यांचंच काम आहे.

नव्या माध्यमानं काय दिलं हे न सांगता पुढे गेलो तर अन्याय होईल. माझी एक चुलत बहीण घरातल्या खोलीत कीर्तन करते आणि यूट्यूबवर टाकते. ऐकणारे दोन-तीनशे असतात. त्यात बडोद्याचे आहेत, ग्वाल्हेरचे आहेत, तंजावरच्या एका घरातून नियमानं प्रतिक्रिया येते. कुठल्याही केंद्रानं तिला वेळ दिला नसता. आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेच्या दारात थांबून माघारी गेलेल्या कितीतरी जणी मला ठाऊक आहेत. तिच्यासाठी हे दार उघडलं गेलं, ते पुन्हा लागू नये. माझं म्हणणं एवढंच की त्या दाराला चौकट कुणाची आहे हे तिनंही पाहावं. मागे एकदा तिच्या दोन चित्रफिती अचानक दिसेनाशा झाल्या. तिनं कारण विचारलं, यंत्राचं ठरीव उत्तर आलं. महिन्याभरानं त्या परत दिसू लागल्या, तेव्हाही का ते कळलं नाही. तिच्या शहरातल्या केंद्राकडे तिच्या कीर्तनाची एक प्रत असती तर?

इथे जुन्या ध्वनिफितींचा प्रश्न येतो. टेप महाग होती, म्हणून आकाशवाणीत कार्यक्रम झाला की ती पुसून पुन्हा वापरायची रीत होती. वाचलं ते नशिबानं किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या हट्टानं. आता साठवण स्वस्त आहे. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४मध्ये 'वेव्ह्ज' नावाचं आपलं ओटीटी सुरू केलं, तिथे जुनं पुष्कळ येऊ शकतं. पण दिल्लीत बसून माळवी ध्वनिफितीवर नाव कोण घालणार? बोलणारा कुठल्या गावचा, गाणं लग्नातलं की मुलींच्या संजा सणातलं, हे इथल्याच माणसाला कळतं. म्हणून प्रत्येक केंद्राला आपला संग्रह आपल्या माणसांकडून लावून घेण्यासाठी पद आणि पगार द्यावा. निवृत्त निवेदक, लोकगीतं जाणणाऱ्या बायका, विद्यापीठातले विद्यार्थी यांच्या हातून हे काम होईल. आणखी दहा वर्षांनी ते करणारं कुणी उरणार नाही.

दुसरी गोष्ट लहरींची. अनेक ठिकाणचे मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक बंद होत आहेत आणि एफएमवर भर आहे. एफएमचा आवाज मधुर, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. मनोऱ्याची नजर पोचते तिथवरच. पन्नास-साठ किलोमीटरपलीकडचं खेडं त्यातून गळतं. त्याला सांगायचं की फोनवर ऐक, तर फोनमध्ये एफएम असतं कुठे? अनेक कंपन्यांनी ते देणंच सोडलं किंवा आतली सोय बंद ठेवली, आणि अँटेनाचं काम करणाऱ्या इअरफोनच्या वायरीची खोबणही काढून टाकली. २०२३मध्ये सरकारनं फोन बनवणाऱ्यांना एफएमची सोय चालू ठेवण्याचा सल्ला दिला. सल्ल्यानं काय होणार? त्याचा नियम करावा. इंटरनेट न लागता थेट फोनवर प्रसारण पोचवण्याच्या नव्या तंत्राच्याही चाचण्या आपल्याकडे झाल्या आहेत, त्यात भारतीय बनावटीची चिप आहे. ते उद्या आलं तर त्यात पहिली जागा स्थानिक केंद्रांची असावी. नाहीतर मनोरा नवा आणि त्यावर पुन्हा राजधानीचेच कार्यक्रम, असं होईल.

आणि इंदूर केंद्रावर आठवड्यातून अर्धा तास मराठीत असावा. मनोरंजनाचा नव्हे, मनोरंजनाची आपल्याला ददात नाही. इथल्या गोष्टींचा: महापालिकेनं काय ठरवलं, मराठी शाळेचं काय होतं आहे, झाँक्यांना कारागीर मिळतात की नाही, राजवाड्याच्या देखभालीचं काय चाललं आहे. तसाच सिंधीत असावा, गुजरातीत असावा, माळवी आणि निमाडी तर रोज असाव्यात. हिंदी भाषिक मित्रांनीही ते ऐकावं. त्यांच्याच शहराबद्दल ते असेल.

आईचं वय ब्याऐंशी. तिच्या फोनमध्ये एफएम नाही, म्हणून मी तिला हाताएवढा एक रेडिओ आणून दिला आहे. सकाळी ती चहाबरोबर प्रादेशिक समाचार ऐकते. बातम्या संपल्या की रामबागेतल्या मावशीला फोन करते. पूर्वी पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, 'ऐकलंस ना?' आणि मग त्या दोघी अर्धा तास त्याच बातमीवर बोलायच्या. गेल्या दिवाळीत मावशीचा सेट बिघडला. दुरुस्त करणारा शोधायला मी जेल रोडपासून सियागंजपर्यंत फिरलो, मिळाला नाही. नवा घेऊन देतो म्हटलं तर तिला तोच हवा आहे. तेव्हापासून आई बातम्या ऐकताना पेन्सिल घेऊन बसते. वडिलांच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर ती मुद्दे टिपून ठेवते आणि मग फोन लावून मावशीला एकेक वाचून दाखवते.